फाळक्यावरचं अंगण

गुडगावात आम्ही राहायला गेलो तेव्हा त्या गावाचं गुरुग्राम व्हायला बराच अवकाश होता आणि तिथे माणसांपेक्षा बिल्डरांच्या पाट्या जास्त होत्या. आमची सोसायटी मोहरीच्या शेतात एकटीच उभी होती, लग्नाला चुकून एक दिवस आधी पोचलेल्या पाहुणीसारखी. लिफ्ट होती पण वीज नव्हती, तरणतलाव होता पण पाणी टँकरचं. एकदा एक नीलगाय पार्किंगमध्ये शिरली आणि वॉचमनने तिला रजिस्टरात सही करायला लावली, असं मी इतकी वर्षं सांगत आलेय की आता मला त्या सहीचं वळणसुद्धा आठवतं.

उदारीकरणाने देशाचं काय केलं ते जाणकार सांगतील. आमच्या घरात त्याने नवऱ्याला परदेशी कंपनीतली नोकरी दिली आणि त्या नोकरीच्या पाठोपाठ अमेरिकन मासिकं आली. एका मासिकात पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवलेलं घर होतं. आत पलंग, शेगडी, बेसिन, खिडकीला पडदा. बाहेर घडीच्या खुर्च्यांवर एक सोनेरी केसांचं जोडपं कॉफी पीत वाळवंट बघत बसलेलं. नवऱ्याने ते पान फाडून फ्रिजवर लावलं. आमच्याकडे फ्रिजवर काही लागलं की ती एकतर गॅस सिलिंडरची तारीख असते, नाहीतर संकटाची सूचना.

संकट लवकरच दारात येऊन उभं राहिलं. डब्यातला थंड चहा विकायला एक परदेशी कंपनी दिल्लीत उतरली होती. दिल्लीकरांनी एक अख्खा उन्हाळा त्या डब्यांकडे कुतूहलाने बघितलं, हातातला उकळता चहा फुंकत फुंकत, आणि कंपनी जशी आली तशी परत गेली. तिच्या माल पोचवायच्या पिकअप विक्रीला निघाल्या, त्यातली एक आमची झाली. दोन्ही दारांवर एका हसऱ्या मुलीचं चित्र होतं. आम्ही त्यावर पांढरा रंग मारला; पण गाडी उन्हात तापली की रंगाखालून त्या मुलीचे दात दिसायला लागत. शेवटपर्यंत दिसत होते.

"हिच्यावर घर बांधायचं आणि हिमालयात जायचं," नवऱ्याने जाहीर केलं.

"कोण कोण?" मी विचारलं.

"आपण तिघं. आईलासुद्धा नेऊ."

हे ऐकून माझ्या सासूबाई मटार सोलायच्या थांबल्या नाहीत, पण त्यांच्या बोटांचा वेग कमी झाला. तेवढं मला पुरलं.

माझ्या सासूबाईंची सगळी हयात दिल्लीत गेली होती. सासरे केंद्र सरकारात नोकरीला, हिंदूरावाच्या टेकडीपलीकडे सरकारी क्वार्टर. सासरे गेले, क्वार्टर गेलं आणि त्या आमच्या मोहरीच्या शेतात राहायला आल्या. घरात त्या शुद्ध पुणेरी बोलत आणि बाहेर अशी खणखणीत हिंदी की भाजीवाले आपणहून भाव उतरवत. भीती म्हणून त्यांना कशाची नव्हती. फक्त प्रवास करत नसत. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात साबुदाण्याची खिचडी खायला जायचं म्हटलं, तरी निघायच्या आदल्या संध्याकाळपासून त्यांचं पाणी बंद.

आणि त्यांची एकुलती एक धाकटी बहीण राहत होती कुल्लूच्या वर, डोंगरात. ही मावशी कॉलेजात असताना एका सफरचंदवाल्याच्या प्रेमात पडली आणि त्याच्या बागेत जी गेली ती तिथलीच झाली. तो सफरचंदवाला पुढे वारला. त्यानंतर मावशी बागेत शिडीवरून पडली, कंबर मोडली आणि काठी टेकत अंगणाच्या कडेपर्यंत जाणं एवढाच तिचा प्रवास उरला. दर रविवारी तिचा फोन यायचा.

"ताई, तू ये ना गं."

"येते. थंडी संपू दे."

थंडी संपली की ऊन उतरू दे, ऊन उतरलं की पाऊस थांबू दे. हिमालयाला ऋतू चार, आमच्या सासूबाईंच्या सबबींना बारा. खरं कारण मला ठाऊक होतं, कारण एकदा मटार सोलतानाच त्यांनी ते सांगितलं होतं.

"गेले होते एकदा बसने. बस थांबायची गं, नाही असं नाही. पण कुणासाठी थांबायची? पुरुष उतरायचे, रस्त्याकडे पाठ करायचे, झालं. आम्ही बायका खिडकीतून निसर्ग बघत बसायचो. जाताना तशी, येताना तशी. परत आले ती तापाने फणफणत. डॉक्टर म्हणाला, माताजी, पुन्हा असं पाणी तोडून प्रवास केलात तर मूत्रपिंडं कायमची जातील. मी म्हटलं, पाणी तोडायचं नाही, तर प्रवास तोडते."

म्हणजे असं, की दोन बहिणी एका दिवसाच्या अंतरावर होत्या आणि मध्ये फक्त एक संडास नव्हता.

म्हणून नवरा जेव्हा जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ट्रकवरच्या घराचे आराखडे काढायला बसला आणि मागच्या बाजूला कोळशाची शेगडी, मांस भाजायला (घरात मांस खाणारं कुणी नाही!), असं लिहू लागला, तेव्हा मी पेन्सिल काढून घेतली.

"तुझ्या त्या सोनेरी बाईला विचार, ती वाळवंटात जाते कुठे."

"कुठे म्हणजे?"

"सकाळी उठल्यावर."

नवरा हुशार आहे, फक्त त्याला वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत शेगडी गेली आणि तिथे संडास आला. नवा आराखडा घेऊन तो आईसमोर बसला, मोठ्या अभिमानाने.

"हे काय?" सासूबाईंनी बोट ठेवलं.

"किचन."

"आणि हे?"

"टॉयलेट, आई. खास तुझ्यासाठी."

"आणि यांच्या मध्ये?"

"मध्ये प्लाय."

"प्लाय!" सासूबाईंनी तो शब्द असा उच्चारला की टेबलाचा सनमायका उचकटला. "अरे, इंग्रज गेले, पण त्यांच्या क्वार्टरात स्वयंपाकघर आणि संडास यांच्या मध्ये अख्खं अंगण होतं. ते काय मूर्ख होते? देव, पोळ्या आणि ते, सगळं एका खोक्यात? आणि मध्ये प्लाय?"

"आई, गाडी आहे ती. अंगण कुठून आणू?"

"ते तू बघ. तू इंजिनिअर. दार आतून नको. बाहेरून जायचं, बाहेर यायचं, हातपाय धुवायचे, मग घरात."

तीन दिवस आमच्या घरात गोलमेज परिषद चालली. शेवटी तोडगा मीच काढला, निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगते. घराचं दार डाव्या बाजूला. संडास अगदी मागे, मध्ये वरपासून खालपर्यंत पत्र्याची भिंत, आणि त्याचं दार उघडणार मागच्या बाजूला, रस्त्याकडे. पिकअपचा मागचा फाळका आडवा पाडला की त्याची होणार पायरी, ओटा, काय म्हणाल ते.

"अंगण," सासूबाई म्हणाल्या आणि आराखड्यावर बोटाने पसंतीची सही केली.

आता हे बांधणार कोण? दिल्लीत मायापुरीला, जुन्या गाड्यांच्या बाजारात, एक सरदारजी गाड्यांच्या बॉडी बांधायचे. आवाज असा की ते बोलायला लागले की शेजारच्या गाळ्यातली वेल्डिंग मशीन लाजून बंद पडे.

"मैडम जी, मैंने आइसक्रीम की गाड़ी बनाई है, स्कूल वैन बनाई है, मुर्दों वाली गाड़ी बनाई है. मेरी बॉडी में लोग जीते-जी बैठे हैं और मरके लेटे हैं. आज तक किसी ने शिकायत नहीं की."

"मरे हुए क्या शिकायत करेंगे?" सासूबाई म्हणाल्या.

"वो नहीं करते जी. उनके रिश्तेदार बहुत करते हैं."

इथे दोघांची मैत्री जुळली. त्यानंतर आम्ही दोघं नावापुरते उरलो. दर शनिवारी सासूबाई पाण्याचा एक थेंब न पिता मायापुरीला जायच्या आणि सरदारजींशी वाद घालून टवटवीत होऊन परत यायच्या. लोखंडी अँगलचा सांगाडा झाला, त्यावर पत्रा चढला, भिंतींत थर्माकोल भरला. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला भाग हा आम्हा दोघांचा माळा, झोपायचा. खाली सासूबाईंचा बाक, त्याच्याखाली डब्यांचे कप्पे. मागे स्टीलचं कमोड, त्याखाली फिनेलच्या पाण्याचा सरकता डबा, बाहेरून ओढून काढता येईल असा. तो डबा कुणी रिकामा करायचा यावर सासूबाईंनी तिथल्या तिथे कायदा केला: "हौस ज्याची, डबा त्याचा. दुसऱ्या कुणाला पैसे देऊन हे काम सांगायचं नाही." नवरा कंपनीत उत्तर भारताचा मॅनेजर होता. सुट्टीत तो या खात्याचा झाला.

एका गोष्टीवर मात्र सरदारजी अडले.

"पैर धोने का नल? गाड़ी में? माताजी, टंकी कितनी बड़ी करनी पड़ेगी, पता है?"

"आप गुरुद्वारे में जाते हो तो पैर धोते हो कि नहीं?"

"बिल्कुल धोते हैं जी."

"तो ये मेरा घर है. इसमें मेरे भगवान बैठेंगे."

सरदारजी गप्प झाले. मायापुरीत ही घटना अजून सांगतात म्हणे. मग त्यांनी अशी टाकी बनवली की तिच्यात एखादी म्हैस पोहली असती, आणि नळ मागे म्हणून टाकीही मागेच ठोकून दिली. मी भीत भीत विचारलं, वजन फार मागे नाही ना होणार? सरदारजी हसले. त्यांच्या बॉडीला कुणी असा प्रश्न विचारत नसे.

टाकी भरून गाडी सोसायटीच्या चढावर घेतली आणि पुढची चाकं हलकी झाली. मी नवऱ्याच्या शेजारी बसले होते. समोरच्या काचेतून रस्ता दिसेनासा झाला, त्याजागी सातव्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे दिसायला लागले, आणि मग, शपथेवर सांगते, भर दुपारी चंद्र. स्टिअरिंग फिरवलं तर गाडी विचारात पडल्यासारखी नुसती उभी. चाचणीसाठी आलेले सरदारजी पाठीमागून ओरडत होते, "घबराओ मत! गाड़ी नमस्ते कर रही है!"

टाकी पुढे आणली, केबिनच्या पाठीला लावून, आणि मागे नुसता पाइप नेला. "मैंने तो पहले ही कहा था," सरदारजी म्हणाले. सगळ्यात शेवटी त्यांनी आपल्याकडून एक भेट बसवली: बसच्या कंडक्टरकडे असते तशी दोरीची घंटा. दोरी सासूबाईंच्या बाकाशी, घंटा ड्रायव्हरच्या कानाशी. "माताजी को जब भी जाना हो, खींच देना. गाड़ी वहीं रुकेगी. ना धूप पूछेगी, ना पुलिस." त्या क्षणी मला त्या गर्जणाऱ्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. इतक्या वर्षांत कुणी सासूबाईंना, गाडी तुमच्यासाठी थांबेल, असं म्हणालं नव्हतं.

आम्ही निघालो. हरियाणाच्या नाक्यावर हवालदाराने गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या.

"ये क्या चीज़ है? एंबुलेंस?"

"घर है," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "चप्पल उतारके अंदर आओ, चाय पिलाती हूँ."

हवालदार चहा पिऊन गेला. पण सासूबाईंनी स्वतः घेतला नाही. मी मागे त्यांच्यासमोर बसले होते आणि त्यांच्या हाताकडे लक्ष ठेवून होते. तो हात घंटेच्या दोरीजवळ गेला नाही. तोंडात आवळासुपारी, मांडीवर बहिणीसाठी केलेल्या चिवड्याचा डबा, नजर बाहेर. चंदीगडला ओळखीच्यांकडे मुक्काम केला, तिथे त्यांनी पक्क्या घराचं पक्कं बाथरूम वापरलं. सकाळी निघताना पुन्हा पाणी बंद.

"आई," मी शेवटी म्हटलं, "एवढं सगळं तुमच्यासाठी बांधलं. एकदा तरी जाऊन या ना."

"लागली नाही."

"पाणी प्यायलात तर लागेल."

त्यांनी तोंडातली आवळासुपारी गालात सरकवली. मग म्हणाल्या, "दार रस्त्याकडे आहे गं. आत जाताना कुणी बघत नाही. बाहेर येताना सगळे बघतात."

"दार तुम्हीच बाहेर काढायला लावलंत."

"दार मी काढलं. रस्त्यावर माणसं मी उभी केली का?"

उन्हाळा होता, रस्ता चढत होता, त्यांचे ओठ सुकले होते आणि डॉक्टरचं वाक्य मला आठवत होतं. मला वाटलं, आपण एवढा पत्रा, एवढं लोखंड डोंगरावर चढवतोय आणि आत बसलेली बाई तशीच आजारी पडून उतरणार आहे.

मंडीच्या पुढे बियास नदीची घळ लागते. एका बाजूला उभा कातळ, दुसऱ्या बाजूला खोल नदी, मधे रस्ता. तिथे आमच्या पुढे दरड कोसळली. नशीब, माणूस कुणी सापडलं नाही. पण दगड असा, की आमच्या सोसायटीचा क्लबहाउस होता त्यापेक्षा मोठा, आणि सुबकही. पुढे गाड्या, मागे गाड्या. बसगाड्या, टॅक्सी, ट्रक. मी जर म्हटलं की रांग मागे दिल्लीपर्यंत गेली होती तर तुम्ही थोडी कमी करून घ्या, पण फार नको.

तासाभरात पुरुष मंडळी खाली उतरून कठड्याशी ओळीने उभी राहिली, पाठ रस्त्याकडे. बायका खिडक्यांतून निसर्ग बघू लागल्या.

आमच्या मागच्या टॅक्सीत एक नवी नवरी होती, दिल्लीची. मनगटापासून कोपरापर्यंत लाल-पांढरा चुडा. मनालीला निघालेली. ती एकदा बसायची, एकदा उठायची, एकदा दाराला धरून उभी राहायची. तिचा नवरा तिला विचारत होता, "चिप्स खाओगी?" सासूबाई खिडकीतून तिच्याकडे एकटक बघत होत्या.

"अगं, तिने कालपासून पाणी तोडलंय," त्या मला म्हणाल्या. "तरीसुद्धा आता होत नाहीये तिला."

आणि त्या उठल्या. बाजूच्या दाराने उतरल्या, मागे गेल्या, स्वतःच्या हाताने फाळका पाडला.

"बेटी, इधर आ."

"जी?"

"आ जा. शरमाना बाद में."

नवरी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की आमच्या देव्हाऱ्यात ठेवावा. सासूबाईंनी तिला नळ दाखवला. "पैर धो ले." मुलीने पाय धुतले आणि एकदम वाकून त्यांच्याच पायाला हात लावला.

हे पुढच्या बसमधल्या बायकांनी पाहिलं. गुजरातेतून यात्रेला आलेल्या, पोटऱ्या सुजलेल्या मावश्या होत्या. लोकरी पट्टू पांघरलेल्या तिथल्याच डोंगरातल्या बायका, एक शाळामास्तरीण, लेकुरवाळ्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. पाच मिनिटांत फाळक्यामागे रांग. आणि मला तेव्हा कळलं की दार घरातून असतं तर यातली एकही पायरी चढली नसती. अनोळखी घरातून कोण जाईल? अंगणात मात्र कुणीही येतं.

सासूबाईंनी घडीची खुर्ची मागवली, मासिकात बघून घेतलेली, आणि नळाशेजारी बसल्या. "एक मग, बहनजी, एक मग. गंगास्नान घर जाके करना." एक शर्टवाले गृहस्थ रांगेत घुसायला बघत होते. सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"भाईसाहब, आपके लिए तो पूरा हिमाचल खुला है."

रांग इतकी हसली की मला वाटलं, वरून अजून थोडी दरड येते.

मग व्हायचं ते झालं. टाकी तळाला लागली आणि डबा काठाला. मी सासूबाईंच्या कानात म्हटलं, "आई, आता बंद करू या. तुमच्यासाठी काही उरणार नाही."

त्यांनी रांगेकडे पाहिलं. शेपूट अजून दिसत नव्हतं. त्या उठून फाळक्यावर चढल्या, आणि सगळ्या घळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. सरदारजींच्या संगतीचा परिणाम.

"जिसकी घरवाली लाइन में है, वो फावड़ा उठाए! और जिसकी लाइन में नहीं है, वो पानी लाए!"

दरडीवर काम करणाऱ्या मजुरांच्या मुकादमाने मागच्या वळणाशी, नदीपासून लांब, मऊ मातीची जागा दाखवली आणि फावडी दिली. उत्तर भारताच्या मॅनेजरने पॅन्ट दुमडली. त्याच्यामागे इस्त्रीचे शर्ट घातलेले नवे नवरे, एक बसड्रायव्हर, आणि ते हिमाचल खुला असलेले गृहस्थसुद्धा. खड्डा असा खोल खणला की तिथे कधी उत्खनन झालं तर संशोधक चक्रावतील. कातळातून एक झरा झिरपत होता, तिथपासून आमच्या गाडीपर्यंत पुरुषांची साखळी लागली. थंड पेयांच्या बाटल्या, तेलाचे डबे, कुणाचा तरी टिफिन, हातातून हातात. टाकी गळ्यापर्यंत भरली. मायापुरीत भरली होती त्याहून जास्त.

ऊन कलायला लागलं तेव्हा रांग संपली. बायका गेल्या नाहीत. फाळक्याभोवती घोळका करून बसल्या, जशा दुपारी क्वार्टरांच्या मागच्या अंगणात बसायच्या म्हणे. थेपले आले, आमचा अर्धा चिवडा गेला. आणि मग त्या नवरीने पाण्याची बाटली पुढे केली.

"आंटीजी, आप पीजिए. कब से देख रही हूँ, आपने एक घूँट नहीं लिया."

"मुझे आदत है, बेटा."

"मुझे भी थी."

सासूबाईंनी बाटली हातात घेतली. झाकण काढलं. पुन्हा लावलं. डोंगरातली एक म्हातारी, जिला आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला तिची, ती सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होती, मग त्या दाराकडे, मग रस्त्यावर उभ्या असलेल्या पुरुषांकडे. ती उठली. खांद्यावरचा पट्टू काढला आणि दोन्ही हातांनी उभा धरला. शेजारच्या गुजराती बाईने पदर पसरला. शाळामास्तरणीने ओढणी. नवरीने आपली लाल चुनरी, चमचम करणारी. फाळक्याच्या तिन्ही बाजूंनी भिंती उभ्या राहिल्या, पाठी आमच्याकडे, तोंडं रस्त्याकडे. त्या बंदोबस्तातून मुंगीला आत येता आलं नसतं.

सासूबाईंनी बाटली तोंडाला लावली आणि खाली ठेवली ती रिकामी. मग दुसरी मागितली. मग त्या आत गेल्या.

नेमकी तेव्हाच दरड हटली. पुढून आरोळी आली, रस्ता खुल गया! इंजिनं सुरू झाली, हॉर्न वाजायला लागले, साऱ्या घळीत नुसता कल्लोळ. नवरा धावत आला, मातीने माखलेला.

"आई! रस्ता उघडला! मागचे सगळे खोळंबलेत!"

आतून आवाज आला, अगदी शांत. "खोळंबू देत."

आणि खोळंबले, हो! चुनरीवाली हलली नाही, पट्टूवाली हलली नाही. बसड्रायव्हरने हॉर्न दिला तर शाळामास्तरणीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला आपली तिसरी इयत्ता आठवली असणार. त्या राष्ट्रीय महामार्गावर त्या दिवशी एक बाई निवांतपणे जाऊन येईपर्यंत सगळा हिंदुस्थान थांबला होता. यात मी अतिशयोक्ती करत असेन तर फक्त हिंदुस्थानपुरती.

सासूबाई बाहेर आल्या. नळाखाली पाय धुतले, एक मग, मोजून. मग त्या म्हातारीचा हात हातात धरून म्हणाल्या, "चलो."

मावशीच्या बागेत पोचलो तेव्हा ती अंगणाच्या कडेला काठी टेकून उभी होती. दोघी बहिणी बराच वेळ एकमेकींचे हात चाचपत राहिल्या, भाजी घेताना चाचपतात तशा. मग मावशी म्हणाली, "ताई, आधी जाऊन येतेस का? मागे आहे, जरा पायऱ्या आहेत, पण…"

"मी जाऊन आलेय," सासूबाई ऐटीत म्हणाल्या. "पाणी दे. तांब्याभर दे."

मावशीचं मागचं ते पायऱ्या उतरून होतं, आणि मोडक्या कंबरेला पायऱ्या म्हणजे शिक्षा. ती किती कमी पाणी पिते हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी तिने फाळक्यावर हातांच्या आधाराने बसून सरदारजींच्या स्टीलच्या सिंहासनाची पाहणी केली. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "ही आपल्याबरोबर येतेय. थंडी संपेपर्यंत गुडगावला राहील."

"आई, थंडी अजून सुरूसुद्धा झालेली नाही," नवरा म्हणाला.

"मग बरीच राहील."

येताना मी पुढे बसले, नवऱ्याच्या शेजारी. मागे दोघी बहिणी, मध्ये पाण्याची कळशी. जाताना त्या घंटेचा आवाज कसा आहे हेसुद्धा आम्हाला कळलं नव्हतं. येताना ती मंडीच्या आधी वाजली, मंडीत वाजली, मंडीच्या पुढे वाजली. दर वळणाला मागून हसण्याचा आवाज यायचा आणि मागोमाग दोरीला हिसका. नवरा घामाघूम. "अगं, आत्ताच तर थांबलो होतो!"

"थांब," मी म्हटलं. "सरदारजींनी सांगितलंय, ऊन बघायचं नाही, पोलीस बघायचा नाही."

त्याने गाडी कडेला घेतली. मागे फाळका पडल्याचा धाडकन आवाज झाला, मग नळ, मग दोन म्हाताऱ्यांचं भांडण, कुणाचे पाय आधी धुवायचे यावरून. आम्ही दोघं पुढे बसून होतो, समोरचा उतार बघत. त्या मासिकातल्या जोडप्याच्या हातात कॉफी होती. आमच्याकडे उरलेला चिवडा होता, आणि घाई कुणालाच नव्हती.